भोपळ्याचे मसालेदार डिप : पातळ का होते, गुठळ्या का राहतात?

वाटीचमचा (धागाकर्ती):
नमस्कार मंडळी. ऑक्टोबर उजाडला, की अमेरिकेत घरोघरी मेजवान्यांचे सत्र सुरू होते आणि हॅलोविनपासून थेट नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगपर्यंत दर आठवड्याला कोठे ना कोठे काहीतरी करून न्यावे लागते. यंदा मी भोपळ्याचे मसालेदार गोड डिप, म्हणजे बिस्किटे बुडवून खायचे दाट मिश्रण, न्यायचे ठरवले आहे. दिसायला ते अगदी सोपे वाटते. क्रीम चीज, डब्यातला भोपळा, साखर आणि मसाला एकत्र फेटला की झाले. प्रत्यक्षात माझे दोन प्रयत्न वाया गेले आहेत.

पहिल्या खेपेस १५ औंसांचा भोपळ्याचा अख्खा डबा, कमी स्निग्धांशाच्या क्रीम चीजची ८ औंसांची वडी, पाऊण कप साखर आणि दोन छोटे चमचे पम्पकिन पाय स्पाइस (भोपळ्याच्या 'पाय' या गोड पदार्थासाठीचा तयार मसाला) असे सारे एकदमच मिक्सरमध्ये घातले. मिश्रण चमच्यावर ठरेना, बिस्किटावरून ओघळून थेट बाहीवर येई, आणि त्यात क्रीम चीजचे पांढरे कण तांदळाच्या कण्यांसारखे तरंगत राहिले. दुसऱ्या खेपेस भोपळा निम्मा केला आणि मसाला घरी कुटून सढळ हाताने घातला. तेव्हा डिप कडवट झाले आणि जीभ बधिर झाली.

येत्या शनिवारी वीसेक माणसे जमणार आहेत. त्यांतील एक पाहुणे दुग्धजन्य पदार्थ खात नाहीत आणि एका मुलाला काजू-बदामाची ॲलर्जी आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

शेगडीवाली:
वाटीचमचाताई, तुमचे दोन्ही प्रयत्न वाचल्यावर मला वाटते, की दोष मसाल्यापेक्षा पाण्यात अधिक आहे. डब्यातल्या भोपळ्याच्या लगद्यात वजनाने सुमारे ९० टक्के पाणीच असते. तुम्ही निवडलेले क्रीम चीजही त्यात भर घालणारे आहे. अमेरिकी मानकानुसार नेहमीच्या क्रीम चीजमध्ये किमान ३३ टक्के दुग्धस्निग्धांश असावा लागतो आणि पाणी ५५ टक्क्यांहून अधिक चालत नाही. 'एक तृतीयांश कमी स्निग्धांश' असे लिहिलेले जे नूशातेल नावाचे क्रीम चीजसारखेच चीज मिळते, त्यात पाणी ६५ टक्क्यांपर्यंत असू शकते. म्हणजे पातळ वस्तूत दुसरी पातळ वस्तू घातली गेली, आणि वर साखर विरघळली. साखर विरघळली की मिश्रण आणखी सैल पडते, हे आपल्याला पाक करताना ठाऊक असते, डिप करताना मात्र विसरायला होते.

यावर माझा उपाय असा आहे. डबा उघडल्यावर लगदा थेट वापरू नये. जाड बुडाच्या पसरट कढईत मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटे परतावा. सुरुवातीस तो फसफसून हातावर उडतो, म्हणून लांब दांड्याचा उलथणा घ्यावा. मधोमध रेघ ओढल्यावर ती लगेच बुजेनाशी झाली आणि लगदा कडा सोडू लागला, की आच बंद करावी. मी एकदा कुतूहलाने वजन करून पाहिले होते; ४२५ ग्रॅमचा लगदा ३०० ग्रॅमच्या आसपास येईपर्यंत आटवला, तर डिप सुरेख उभे राहते. शिवाय डब्याचा जो एक धातूसारखा वास येतो, तोही निघून जातो आणि भोपळ्याचा गोडवा वर येतो.

खवय्या_नं_१:
बाहीवर आलेले डिप चवीला कसे होते, ते धागाकर्तीने सांगितलेले नाही. आमचे सारे लक्ष तिकडे लागले आहे.

जायपत्री:
शेगडीवाली यांच्याशी पूर्ण सहमत आहे. गुठळ्यांविषयी थोडी भर घालते. क्रीम चीज फ्रिजमधून काढून निदान तासभर बाहेर ठेवावे. बोटाने दाबल्यावर खळगा सहज पडला पाहिजे. त्यानंतर ते आधी एकटेच फेटावे. गुठळ्या मोडायच्या त्या याच वेळी, कारण एकदा भोपळा पडला, की घट्ट कण पातळ मिश्रणात फक्त फिरत राहतात, यंत्राच्या पात्यांना त्यांच्यावर जोरच मिळत नाही. क्रीम चीज लोण्यासारखे मऊ झाले, की पिठीसाखर घालावी आणि मग भोपळा एकेक मोठा चमचा करून मिसळावा. भोपळा मात्र पूर्ण निवलेला हवा. गरम असताना घातला, तर स्निग्धांश वितळून पुन्हा पहिल्या दिवसाची कथा होईल.

गुठळ्या राहिल्याच, तर मिश्रण टाकून देऊ नये. भांडे कोमट पाण्यात ठेवून पुन्हा फेटावे, किंवा सरळ चाळणीतून काढावे. चाळणीने हात दुखतो, पण काम हमखास होते.

निवांत_पाहुणा:
माझे मत थोडे वेगळे आहे. डब्याच्या भानगडीत पडूच नये. या दिवसांत दारोदारी ताजे भोपळे रचून ठेवलेले असताना डबा कशासाठी फोडायचा? भोपळा चिरून भट्टीत भाजला, की त्याची सर डब्याला येणार नाही.

चिकित्सक:
निवांतराव, ताज्याचा आग्रह मला समजतो, परंतु कोणता ताजा, हा प्रश्न उरतोच. हॅलोविनला कोरून दिवे करण्यासाठी जे मोठे नारिंगी भोपळे विकले जातात, त्यांचे वाण पातळ गराचे, पाणीदार आणि धाग्यांचे असते. ते कोरायला सोपे आणि खायला निकस. ताजाच घ्यायचा असेल, तर शुगर पम्पकिन किंवा पाय पम्पकिन या नावाने मिळणारा लहान भोपळा घ्यावा, नाहीतर बटरनट स्क्वॅश घ्यावा. अर्धे करून, बिया काढून, कापलेली बाजू खाली ठेवून ४०० अंश फॅरनहाइटला पाऊण तास भाजावे आणि गर फडक्यात बांधून निथळत ठेवावा.

आता आपल्यापैकी अनेकांचा भ्रमाचा भोपळा फुटेल असे काहीतरी सांगतो. डब्यावर चित्र असते ते गोल नारिंगी भोपळ्याचे. मात्र लिबीज या सर्वांत प्रसिद्ध डब्यात जो भोपळा असतो, तो डिकिन्सन नावाच्या वाणाचा, फिकट तपकिरी सालीचा आणि लांबोडका असतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो कुकुर्बिटा मॉस्काटा, म्हणजे बटरनट स्क्वॅशचा सख्खा भाऊ. हॅलोविनचा भोपळा कुकुर्बिटा पेपो या वेगळ्या प्रजातीत मोडतो. इलिनॉय राज्यातील मॉर्टन या गावी या भोपळ्याचा कारखाना आहे आणि आसपासच्या शेतांतून माल तेथे येतो. २००९ साली तेथे काढणीच्या वेळी अतोनात पाऊस झाला आणि देशभर डब्यांची टंचाई झाली, इतके हे सारे एका टापूवर अवलंबून आहे.

सुईदोरा:
म्हणजे डब्यात भोपळा नसतोच म्हणायचे का? ही तर सरळ फसवणूक झाली!

चिकित्सक:
फसवणूक म्हणता येणार नाही. 'पम्पकिन' आणि 'स्क्वॅश' यांत काटेकोर शास्त्रीय सीमारेषा नाही आणि अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) सोनेरी गराच्या गोडसर स्क्वॅशलाही डब्यावर पम्पकिन म्हणण्याची मोकळीक फार पूर्वीपासून दिलेली आहे. माझ्या मते, डिपसाठी तर तोच गर अधिक चांगला, कारण तो दाट, गुळगुळीत आणि बिनधाग्यांचा असतो. डबा घेताना एवढेच पाहावे, की त्यावर 'पम्पकिन पाय फिलिंग' असे लिहिलेले नाही. त्यात साखर आणि मसाला आधीच घातलेला असतो. दोन्ही डबे शेजारी शेजारी मांडलेले असतात, त्यामुळे घाईत हात चुकतो.

आलेपाक:
हात चुकतो याला दुजोरा. आम्ही फिलिंगमध्ये वर आणखी अर्धा कप साखर घातली होती. मुलांनी मात्र अतिशय आवडीने खाल्ले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

जायपत्री:
आता मसाल्याकडे वळते, कारण धागाकर्तीची जीभ बधिर झाली आहे. ताई, तुम्ही घरी मसाला कुटला, त्यात लवंगा किती घातल्या होत्या?

वाटीचमचा:
आठ-दहा असतील. दालचिनीचा एक बोटभर तुकडा, थोडी सुंठ आणि अर्धे जायफळ. पुडीवर ऑलस्पाइस लिहिले होते, पण तो घरात नसल्याने मी गरम मसाला घातला. 'ऑल' म्हणजे सारे मसाले आलेच, असे मला वाटले होते.

खवय्या_नं_१:
उपस्थितांपैकी कोणी त्यात भात शोधला का?

जायपत्री:
हसू आवरत लिहिते आहे, कारण ही चूक मीही केली आहे. ऑलस्पाइस हे मिश्रण नाही. ते पिमेंटा डायोइका नावाच्या झाडाचे वाळवलेले फळ आहे. हे झाड कॅरिबियन बेटांचे आणि मध्य अमेरिकेचे, आणि जमैकाचा ऑलस्पाइस प्रसिद्ध आहे. त्याचा वास घेतला, तर लवंग, दालचिनी आणि जायफळ एकाच वेळी आठवतात, म्हणून इंग्रजीत ते नाव पडले. काही ठिकाणी त्याला कबाबचिनी म्हटलेले वाचले आहे, पण तेही चूक आहे. कबाबचिनी ही मिरीच्या कुळातली, शेपटीसारखा देठ असलेली वेगळी वस्तू आहे. ऑलस्पाइस नसेल, तर चिमूटभर लवंग आणि चिमूटभर दालचिनी जास्त घालावी. गरम मसाल्यातले जिरे-धणे आणि मिरी या गोड डिपमध्ये अजिबात खपत नाहीत.

बधिरपणाचे कारण लवंगेतले युजेनॉल हे तेल होय. दाढदुखीवर लवंग धरतात ती त्याच गुणासाठी. एका वडीच्या डिपला एक अष्टमांश छोटा चमचा लवंगपूड पुष्कळ झाली. माझे प्रमाण सांगते : दालचिनी दीड छोटा चमचा, सुंठ अर्धा, जायफळ पाव, लवंग आणि ऑलस्पाइस प्रत्येकी एक अष्टमांश, आणि मीठ एक चिमूट. मीठ विसरू नये, कारण त्याशिवाय भोपळा अगदी मुका लागतो. जायफळ आयत्या वेळी किसावे. जुन्या पुडीला वास उरलेला नसतो, म्हणून माणूस ती दुप्पट घालतो आणि वास येण्याऐवजी कडवटपणा येतो.

शेगडीवाली:
प्रमाण उत्तम आहे. मी पद्धतीत एक बदल सुचवते. पूड थेट थंड मिश्रणात घातली, तर ती कच्ची आणि भुकटीसारखी लागते. फोडणीचे तत्त्व आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. मसाल्याचा सुगंध स्निग्ध पदार्थात उतरतो. कढईत एक मोठा चमचा लोणी वितळवून, आच अगदी मंद करून, त्यात मसाला जेमतेम अर्धा मिनिट परतावा आणि वास सुटताच त्यावर भोपळा ओतून मग आटवायला घ्यावा. अर्ध्या मिनिटाचे एक मिनिट झाले, की दालचिनी जळते. तेथे फोन उचलू नये. हेच लोणी फ्रिजमध्ये गोठून डिपला थोडा घट्टपणाही देते.

सुईदोरा:
मला एक मूलभूत शंका आहे. एवढे सारे करून शेवटी चव येते ती मसाल्याचीच. मग भोपळा घालायचाच कशाला?

चिकित्सक:
शंका रास्त आहे. लोक ज्याला 'भोपळ्याची चव' म्हणतात, ती प्रत्यक्षात या पाच मसाल्यांचीच चव असते. मॅककॉर्मिक कंपनीने पम्पकिन पाय स्पाइस हे तयार मिश्रण १९३४ साली बाजारात आणले. स्टारबक्सची पम्पकिन स्पाइस लाटे ही दुधाळ कॉफी २००३ साली आली, आणि तिच्यात खरा भोपळा पडला तो २०१५ साली. बारा वर्षे भोपळ्याशिवाय भोपळा विकला गेला आणि कोणाची तक्रार नव्हती. डिपमध्ये भोपळा लागतो तो रंगासाठी, अंगासाठी आणि क्रीम चीजचा आंबटपणा बुजवणाऱ्या मातकट गोडव्यासाठी. म्हणूनच शेगडीवाली म्हणतात त्याप्रमाणे आटवणे महत्त्वाचे; न आटवलेल्या भोपळ्याला स्वतःचे म्हणणेच नसते.

तिखटमीठ:
इतके प्रतिसाद झाले आणि सारे गोडाचेच बोलत आहेत. मी या चर्चेत विरोधी बाकावर बसतो. मेजवानीत पाय, कुकी, केक असे गोड ढिगाने असते. तेथे एखादे तिखट डिप असेल, तर सर्वांत आधी तेच संपते. भोपळा आटवताना त्यात भाजलेल्या लसणाच्या चार पाकळ्या, चिपोटले (धुरावून वाळवलेली) मिरची बारीक करून एक छोटा चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि शेवटी लिंबाचा रस घालावा. साखर वगळावी, फार तर मेपल सिरप एक चमचा. दालचिनी किंचित ठेवली, तरी चालते. वरून खारवलेल्या, भाजलेल्या भोपळ्याच्या बिया पसराव्यात.

जायपत्री:
दालचिनी आणि लसूण एका वाडग्यात? हे विळ्या-भोपळ्याचे सख्य मला तरी पाहवणार नाही.

तिखटमीठ:
जायपत्रीताई, चिपोटलेचा धूर दोघांची समजूत घालतो. एकदा करून पाहा आणि मग शिक्षा सुनावा.

वाटीचमचा:
तिखटमीठदादा, तिखटाचा बेत मोहात पाडणारा आहे. दूध न खाणाऱ्या पाहुण्यांसाठी तोच करावा, असे मनात येते आहे. पण क्रीम चीजऐवजी काय घालावे? काजू भिजवून वाटतात असे वाचले होते, परंतु त्या मुलाच्या ॲलर्जीमुळे ते शक्य नाही.

तिखटमीठ:
पांढऱ्या कॅनेलिनी घेवड्याचा १५ औंसांचा डबा घ्यावा, दाणे निथळून धुवावेत आणि दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेलाबरोबर अगदी मऊ वाटावेत. क्रीम चीजचे काम ते निमूटपणे करतात. कढईतही लोण्याऐवजी तेलच वापरावे. ताहिनी (वाटलेले तीळ) घालणार असाल, तर पाहुण्यांना आधी विचारावे, कारण तिळाचीही ॲलर्जी असते. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा वेष्टनावर जाहीर करायच्या प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांत नववा झाला आहे. दोन्ही डिपांचे चमचे वेगळे ठेवावेत आणि शेजारी चिठ्ठीवर घटक लिहावेत. बिस्किटांचे वेष्टनही वाचावे, कारण काजू-बदाम बहुधा तेथूनच शिरतात.

मुखशुद्धी:
मी उशिरा आलो, पण सुरक्षिततेविषयी कोणी लिहिलेले दिसले नाही, म्हणून लिहितो. क्रीम चीज आणि भोपळा दोन्ही लवकर बिघडणारे आहेत. अमेरिकी कृषी खात्याच्या सूचनेप्रमाणे असे पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नयेत, आणि अंगणातील हवा ९० अंश फॅरनहाइटच्या वर असेल, तर एकच तास. सारे डिप एकदम मांडू नये. दोन लहान वाडग्यांत विभागावे आणि एक फ्रिजमध्ये ठेवून पहिले संपल्यावर बाहेर काढावे.

भोपळा पोखरून त्यात डिप भरण्याची हौस पुष्कळांना असते. दिसते ते छानच, पण कच्च्या भिंतींना पाणी सुटते आणि इतका वेळ आटवलेले सारे व्यर्थ जाते. भोपळा बाहेरून धुऊन आत काचेचा वाडगा बसवावा. दारात दोन दिवस मेणबत्ती लावलेला भोपळा मात्र कोणत्याही परिस्थितीत खाण्यासाठी घेऊ नये. शोभेचे रंगीबेरंगी छोटे भोपळेही शिजवू नयेत. त्यांत कुकुर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्ये असू शकतात, आणि ती शिजवल्याने जात नाहीत. कोणताही भोपळा चाखताच कडू लागला, तर थुंकून तो सगळा टाकून द्यावा.

निवांत_पाहुणा:
मी ताज्याचा हट्ट धरला होता, तो अर्धा मागे घेतो. चिकित्सकांच्या सांगण्यावरून बटरनट भाजला, तो उत्कृष्ट झाला. उरलेला गर बरणीत बंद करून वर्षभर ठेवता येईल का?

मुखशुद्धी:
घरच्या घरी बरण्यांत बंद करू नये. भोपळ्याच्या लगद्यात आम्लता कमी असते आणि तो इतका दाट असतो, की उष्णता मधोमध खात्रीने पोहोचत नाही, त्यामुळे बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या विषबाधेचा, धोका राहतो. कृषी खाते लगदा बरणीबंद करण्याची शिफारस करत नाही. अर्ध्या कपाच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. तयार डिप मात्र गोठवू नये, कारण क्रीम चीज फुटून रवाळ होते.

सुईदोरा:
डिपबरोबर काय ठेवणार, हे राहिलेच. जिंजरस्नॅप, ग्रॅहम क्रॅकर ही बिस्किटे आणि सफरचंदाच्या फोडी उत्तम लागतात. फोडी काळ्या पडू नयेत, म्हणून एक कप पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवून त्यात पाच मिनिटे बुडवाव्यात आणि धुऊन पुसून घ्याव्यात. खारटपणा लागत नाही. पुसायचे विसरू नये, नाहीतर पाणी पुन्हा डिपमध्येच येणार.

वाटीचमचा:
मंडळी, शनिवार पार पडला. वृत्तान्त सादर करते.

शुक्रवारी रात्री लोण्यात मसाला परतला. वीस सेकंदांतच वास जिन्यापर्यंत गेला. त्यावर भोपळा घालून अकरा मिनिटे आटवला, तेव्हा तो वजनात ३१० ग्रॅम भरला आणि रंग नारिंगीचा विटकरी झाला. पूर्ण स्निग्धांशाचे क्रीम चीज तासभर बाहेर ठेवून आधी एकटे फेटले, मग अर्धा कप पिठीसाखर आणि शेवटी निवलेला भोपळा चमच्याचमच्याने. एकही पांढरा कण उरला नाही. फेटल्याबरोबर चाखले, तेव्हा मसाला फिका वाटला आणि आणखी घालावा असा हात पुढे गेला होता, पण जायपत्रीताईंचे शब्द आठवून थांबले. रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्यावर सकाळी तोच मसाला नेमका लागला. वीस माणसांना प्रत्येकी दोन मोठे चमचे धरले, तर अडीच कप लागतात, आणि साधारण तेवढेच ते झाले.

घेवड्याचे तिखट डिप करताना एक गोंधळ झाला. मी चिपोटलेचा एक छोटा चमचा घालायच्या जागी एक मोठा घातला. आणखी अर्धा डबा घेवडा आणि दुप्पट लिंबू घालून ते कसेबसे सावरले. आधी तेच संपले, हे जायपत्रीताईंना सांगताना वाईट वाटते.

तिखटमीठ:
विरोधी बाकावरून उठून नम्रपणे अभिवादन करतो.

जायपत्री:
तिखटाचे मोजलेले प्रमाण लिहा. माझ्याकडे पुढच्या शुक्रवारी बारा माणसे आहेत.

खवय्या_नं_१:
आणि बाही?

वाटीचमचा:
बाही कोरडी आहे. जायपत्रीताई, प्रमाण उद्या वजन करून लिहिते. मोठा चमचा यावेळी ड्रॉवरमध्ये ठेवून देईन.